तीन बोटांचा सुतार

धुळे,
१६ सप्टेंबर १९८६

प्रिय कांतीलाल,

सप्रेम जयभीम.

तुझं संवत्सरीचं कार्ड पोचलं. नेहमीसारखाच गुलाबी कागद, वर जोडलेले हात, खाली छापील मजकूर: ‘वर्षभरात मन, वचन, कायेने, कळत नकळत आपणांस दुखावले असेल तर अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.’ त्याखाली तुझं, वहिनींचं, मुलांचं आणि शेवटी डाळ मिलचं नाव. मिलनं मला कधी दुखावल्याचं आठवत नाही, पण तिलाही क्षमा करून टाकली.

दर वर्षी मी तुला पोस्टकार्डावर दोन ओळी टाकतो, कार्ड मिळालं, सर्वांस नमस्कार. यंदा जरा लांबण लावतोय, त्याला कारण आहे. परवा ट्रंक आवरायला काढली तर तुझी सगळी कार्डं एका दोऱ्यात बांधलेली सापडली. चौसष्ट साली भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर आपण चौदा वर्षांनी भेटलो आणि तू माझा पत्ता लिहून घेतलास, तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. मोजली, बावीस भरली.

म्हणजे बावीस वेळा तू माझी क्षमा मागितलीस. मी पडलो चित्रकलेचा मास्तर, वह्या तपासून तपासून डोळे गेले. एकाच मुलानं एकच उत्तर पुन्हा पुन्हा लिहिलं की मी खाली लाल शाईनं लिहितो: प्रश्न पुन्हा वाच. तुलाही आज तेच लिहितोय.

कांती, कशाची क्षमा मागतोस? छापखान्यातल्या माणसाच्या भाषेत नको, तुझ्या अक्षरात हवं. पन्नास सालच्या तुमच्या पर्युषणात, बोदवडला, शाळेमागच्या शिरीषाखाली काय झालं ते तुला आठवतं का? आठवत नसेल तर तसं लिही. मी कार्डं पुन्हा दोऱ्यात बांधून ठेवीन आणि हा विषय कधी काढणार नाही.

तुझ्या आईंना, सज्जनबाईंना नमस्कार सांग. त्या अजून पाखरांच्या कुंडीत स्वतःच्या हातानं पाणी घालतात का?

तुझा,
देवचंद


पिंप्राळा, जळगाव,
५ ऑक्टोबर १९८६

प्रिय देवचंद,

जय जिनेंद्र.

पत्र वाचलं आणि हात पुढं करून छडी खावी की काय असं वाटलं. मास्तर तो मास्तरच! माझे केस गेले, दात हलायला लागले आणि तू अजून माझी वही तपासतोयस.

बाईंचं विचारलंस. ब्याऐंशी वय झालं, पण कुंडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. सकाळी उठल्याबरोबर सुनेला पहिला प्रश्न, ‘कुंडी में पाणी है कांई?’ मग स्वतःच तांब्या घेऊन अंगणात. गुडघे धरलेत, तरी वाकते.

शिरीषाचं लिहिलंस. देवचंद, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. भेटू तेव्हा बोलू.

आता दुसरी गोष्ट, वाचून हसू नकोस. आपल्या जिल्ह्यासाठी एक पक्षी ठरवायचा आहे. देशाचा जसा मोर, तसा जिल्ह्याचा कुणीतरी असावा अशी टूम निघाली, समिती नेमली, आणि तिच्यात मला घेतलंय! मिलच्या आवारात मी रोज डाळीची चुनी टाकतो आणि दोन-तीनशे चिमण्या, पारवे, पोपट गोळा होतात, एवढीच माझी पक्ष्यांतली विद्या. पहिल्याच बैठकीत भांडणं. एक जण म्हणाले मोरच ठेवा, म्हटलं तो आधीच दिल्लीला गेला. सुमनबाई म्हणून एक शिक्षिका आहेत, त्यांनी टिटवीचं नाव काढलं तर निम्मे लोक अपशकुन म्हणून ओरडले.

मग मी हात वर केला आणि म्हटलं, सोनपाठी सुतार. माझ्याच तोंडातून ते नाव कसं निघालं मला कळलं नाही. सगळे बघायला लागले तेव्हा काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, जळगाव सोन्याच्या बाजाराचं गाव, पाखरूही सोन्याच्या पाठीचंच हवं. एवढ्यावर सराफाकडचे दोन सभासद लगेच माझ्या बाजूला आले. हिलाल सर म्हणून प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांचीही मान हलली.

आता चित्र हवंय. फलकावर, पत्रकांवर, शाळांतल्या बक्षिसांच्या कागदांवर तेच येणार. मी म्हटलं, चित्रकार माझा आहे, धुळ्याला असतो, त्यानं हे पाखरू जेवढं जवळून पाहिलंय तेवढं कुणी पाहिलेलं नाही. तू काढणार ना? नाही म्हणू नकोस.

तुझा,
कांती


धुळे,
२४ ऑक्टोबर १९८६

प्रिय कांती,

सप्रेम जयभीम.

मी विचारलं काय आणि तू उत्तर दिलंस काय! प्रश्नाला बगल देऊन वर मलाच गृहपाठ. शाळेतही तू असाच होतास. गणित अडलं की मास्तरांना त्यांच्या म्हशीची तब्येत विचारायचास.

तरी तुझ्या पत्रानं दोन दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही. तो शिरीष डोळ्यांपुढून हलेना. पश्चिमेकडची फांदी वाळलेली, तिच्यात भोक, आणि दुपारच्या सुट्टीत तो खिदळल्यासारखा ओरडत यायचा. डोक्यावर लालभडक तुरा, पाठ अशी की आत्ताच घासून ठेवलेलं पितळेचं भांडं. खोडाला छाती लावून सरसर वर जायचा, थांबायचा, टकटक करायचा. कापसाच्या जिनातल्या यंत्रांच्या आवाजातूनही ते टकटक मला ऐकू यायचं. तू डब्यातला खाकरा मला द्यायचास आणि माझी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि ठेचा पळवायचास. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी यायचं तरी माझ्या आईचं नाव घेऊन म्हणायचास, द्रौपदाबाईंच्या हाताला चव आहे.

तुमच्या घरीही मी यायचो. ओट्यापर्यंत. तहान लागली म्हटलं की तुझी आई आतून तांब्या आणायची आणि माझ्या ओंजळीत वरून धार धरायची. बाजूलाच पाखरांची कुंडी असायची, ती मात्र आई स्वतःच्या हातानं घासायची. मला त्याचं तेव्हा काही वाटायचं नाही. पुढं वाटलं. आज राग नाही, पण आठवण आहे ती आहे.

आणि आता तूच सुताराचा विषय काढलास म्हणून लिहितो. त्या दिवशी दगड कुणी मारला ते मला माहीत आहे आणि तुलाही. छड्या मला बसल्या. त्या महिन्याच्या शेवटी जळगावला चित्रकलेची परीक्षा होती, सबंध शाळेतून माझं एकट्याचं नाव गेलं होतं, ते कापलं. ‘पाखरं मारणाऱ्याला कसली चित्रकला,’ हेडमास्तर म्हणाले. आबा गँगमनच्या कपड्यांतच लाइनीवरून शाळेत आले, हात जोडून उभे राहिले, उपयोग झाला नाही. आठवड्यानं त्यांनी मला धुळ्याला मामाकडं आणून सोडलं. माझं बोदवड तिथं संपलं. परीक्षा मी पुढं दिली, नोकरी मिळाली, सगळं झालं. पण बोदवडात आजही कुणी माझं नाव काढलं तर म्हणतात, तोच ना, सुपडूचा पोरगा, ज्यानं पर्युषणात सुतार मारला?

चित्र मी काढीन. तुझ्यासाठी नाही, त्या पाखरासाठी. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचं आहे, हे विसरू नकोस.

तुझा,
देवचंद


पिंप्राळा, जळगाव,
१८ जानेवारी १९८७

प्रिय देवचंद,

जय जिनेंद्र.

चित्र पोचलं! पाठीमागं पुठ्ठा, वर मेणकापड, टपालवाल्यानं दुमडू नये म्हणून लाल अक्षरात सूचना. उघडलं आणि मी खुर्चीत बसूनच राहिलो. तोच आहे रे. तोच शिरीष, तीच वाळकी फांदी. बाईंना दाखवलं तर तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि कागदावर बोट फिरवलं. ‘उडून जाईल असा वाटतो,’ म्हणाली.

काल बैठकीत ठेवलं. एकमतानं मंजूर. सुमनबाईंनी तर टिटवीचं दुःख विसरून टाळी वाजवली. सुतार आपल्या जिल्ह्याचा पक्षी झाला, देवचंद, आणि तो तुझ्या हातचा आहे. ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात फलक उघडायचा ठरलंय.

फक्त एक बारीकशी अडचण आहे. हिलाल सरांनी भिंग काढलं आणि बोटं मोजली. ते म्हणतात, या सुताराच्या पायाला चार बोटं असतात, दोन पुढं, दोन मागं. तुझ्या चित्रात डाव्या पायाला चार आहेत, पण उजव्या पायाला तीनच. मागचं एक बोट नाही, तिथं नुसता खुंट दिसतो. सर म्हणाले, चित्रकार नामी आहे पण इथं नजर चुकली. मी म्हटलं, किरकोळ काम आहे, तो एका दिवसात करून देईल.

तेवढं एक बोट काढून पाठव. शाळाशाळांतून जाणार आहे, उगाच कुणी नाव ठेवायला नको.

तुझा,
कांती


धुळे,
२ फेब्रुवारी १९८७

प्रिय कांती,

बोट काढणार नाही.

नजर चुकलेली नाही. हिलाल सरांना माझा नमस्कार सांग, त्यांचं ज्ञान बरोबर आहे. सगळ्या सुतारांना चार बोटं असतात. मी सगळ्यांचं चित्र काढलेलं नाही, एकाचं काढलंय, आणि त्याला त्या पायाला तीनच होती.

चालत असेल तर घ्या, नसेल तर परत पाठवा. दुसऱ्या कुणाकडून चारी बोटांचा काढून घ्या, मला वाईट वाटणार नाही. पण माझ्या चित्रावर दुसऱ्या कुणाला ब्रश लावू देऊ नकोस.

देवचंद


पिंप्राळा, जळगाव,
३१ ऑगस्ट १९८७

प्रिय देवचंद,

सात महिने मी तुला लिहिलं नाही. आधी राग आला होता, मग वेगळंच झालं. आज लिहितोय. यंदाची गुलाबी कार्डं छापून आली, सगळ्यांना गेली, तुझं मी पाठवलेलं नाही. हे त्याच्याऐवजी समज.

तुझं ते चार ओळींचं पत्र वाचून मला वाटलं, चित्रकार लोकांचा हेका. जुलैत मालाच्या कामानं बोदवडला गेलो, तेव्हा शाळेच्या मागं गेलो. छत्तीस वर्षांत मी तिकडं एकदाही गेलो नव्हतो, तुला सांगतो. शिरीष आहे. वाळकी फांदी पडून गेली, तिच्या जागी गाठ आहे. तिथं उभा राहिलो आणि एकदम लख्ख कळलं. तू तो पाय तसाच का काढलास ते. माझा दगड त्या पायाला लागला होता. तू माझ्या हातचा घाव त्या चित्रात ठेवलास, म्हणजे आता जिल्ह्याच्या प्रत्येक फलकावर, प्रत्येक कागदावर माझा गुन्हा छापला जाणार. तिथंच बुंध्याशी खाली बसलो. हमाल शोधत आला तोवर तसाच बसलो होतो.

तू विचारलंस, आठवतं का. सगळं आठवतं. पर्युषणाचा तिसरा दिवस होता. घरी वडिलांची अठाई, आठ दिवसांचे उपास, सगळी मंडळी त्यांना हात जोडून जायची. तू परीक्षेच्या सरावासाठी सुतार काढत होतास आणि ते लबाड पाखरू तुझी चाहूल लागली की खोडाच्या पलीकडं जायचं. तू वैतागून म्हणालास, ह्याचा चेहरा काही दिसत नाही रे. माझ्या खिशात गलोल होती, जिनावरच्या पहारेकऱ्यानं करून दिलेली, घरात कुणाला माहीत नव्हती. मी म्हटलं, पलीकडच्या फांदीवर खडा मारतो, तो घाबरून तुझ्याकडं येईल. तुला त्याचा चेहरा दिसावा एवढंच मनात होतं. तो नेमका माझ्या खड्यापुढं आला आणि पानासारखा खाली पडला.

पण मी दगडाची क्षमा मागत नाही. दगड चुकून लागला.

हेडमास्तर आले तेव्हा गलोल आपल्या दोघांच्या मधे पडली होती. त्यांनी कुणी मारलं असं विचारलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही. सरळ तुझी बखोट धरली. मी शेटजींचा मुलगा, तेही पर्युषणात, माझ्या हातून पाखरू मरणार कसं? आणि तू स्टेशनापलीकडच्या वस्तीतला, तुझ्या हातून मरणारच. त्यांचं ते ठरलेलं होतं. मी तोंड उघडलं होतं, देवचंद. खरंच उघडलं होतं. डोळ्यांपुढं उपाशी वडील आले आणि मी ते मिटलं. छड्या किती बसल्या मी मोजत होतो. चौदा. तू एकदाही माझ्याकडं बोट दाखवलं नाहीस. मग मास्तर तुला म्हणाले, उचल ते मेलेलं आणि लाइनीपलीकडं फेकून ये. तू ते सदऱ्यात घेतलंस आणि गेलास. संवत्सरीला घरातल्या, गावातल्या प्रत्येकापुढं मी हात जोडले. तुझ्याकडं यायचं धाडस गोळा करायला आणखी पाच-सहा दिवस गेले, तुमच्या घरापर्यंत आलो तर कळलं, तू धुळ्याला गेलास.

तेव्हापासून दर पर्युषणात तिसऱ्या दिवशी मी पाण्याशिवाय उपास करतो. घरात सगळ्यांना वाटतं माझी भक्ती मोठी. तो त्या पाखराचा उपास आहे.

गप्प बसल्याची क्षमा मागतो. छड्या तुला बसू दिल्याची. तुझं नाव कापलं तेव्हा वर्गात मान खाली घालून बसल्याची. आबा हात जोडून उभे होते आणि मी खिडकीतून बघत होतो, त्याची. आणि बावीस वर्षं छापील कागदाआड लपल्याची.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमणात वर्षभराची पापं मोजून झाली, मग बाईंना सगळं सांगितलं. पन्नास वर्षांचा घोडा आईपुढं रडला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल एवढंच म्हणाली, ‘पाखराची माफी आता मागता येणार नाही. ज्याची येते त्याची माग.’

देवचंद, मला क्षमा कर. नाही केलीस तरी तू चुकलास असं मी म्हणणार नाही.

तुझा,
कांती


धुळे,
८ सप्टेंबर १९८७

प्रिय कांती,

तुझं पत्र शाळेत हातात पडलं. सातवीचा वर्ग होता. मुलांना आंब्याचं पान काढायला लावलं आणि खिडकीशी जाऊन वाचलं. एका मुलीनं विचारलं, सर, डोळ्यात काय गेलं? म्हटलं खडूची धूळ.

क्षमा केली. आधी ते लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला धाकधूक नको. तू मागण्याआधीच केली असावी, नाहीतर बावीस कार्डं कोण सांभाळून ठेवतं?

पण आता तू सावर आणि नीट बस. माझ्याकडंही एक गोष्ट आहे आणि ती सदतीस वर्षं शिळी आहे.

कांती, तो सुतार मेला नव्हता.

मी त्याला सदऱ्यात घेऊन लाइन ओलांडली. फेकायला हात वर केला तर छातीशी काहीतरी धडधडलं. पहिल्यांदा वाटलं माझंच काळीज. मग त्यानं चोच उघडली. घरी पळालो. आई दारात ज्वारी पाखडत होती. तिनं त्याला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, ‘आरे पोऱ्या, यान्हामा आजून जीव शे. पानी लई ये.’ तू ओळखायचास तिची भाषा, माहेर धुळ्याकडचं, मरेपर्यंत तीच बोलली. मी पाणी आणून दिलं. उजव्या पायाचं मागचं बोट चेचलं होतं. तिनं हळद लावली, चौथ्या दिवशी ते आपोआप गळून पडलं. कोंबड्यांच्या डाल्याखाली त्याला ठेवलं, आत बाभळीचं खोडकं उभं केलं. मी रोज मुंगळ्यांची वारुळं धुंडाळायचो आणि अंडी आणून घालायचो. छड्यांनी हात सुजलेले, मुंगळे चावायचे, पण तो खायचा तेव्हा मला काही दुखायचं नाही.

परीक्षेसाठी आईनं आणलेला जाड कागद कोरा पडला होता. मी डाल्याशेजारी बसून त्यावर त्याला काढलं. आता पलीकडं पळायला त्याला जागा नव्हती, चेहरा मनसोक्त दिसला. ते चित्र माझ्याकडं आजही आहे. तुला पाठवलं ते त्याच्यावरूनच काढलेलं. तुझा घाव दाखवायला मी बोट वगळलं असं तुला वाटलं. तसं नाही रे. फांदीला तीन बोटांनी घट्ट धरून बसलेला जिवंत पक्षी काढला होता मी. मेलेला असता तर धरला कसा असता? तुला ते दिसेल असं वाटत होतं. चित्रातून सांगायला गेलो, कारण तोंडानं सांगायची माझीही हिंमत नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, ‘सोडी दे त्याले. त्यानं झाड वाट देखी ऱ्हायनं.’ त्याचं झाड वाट बघत होतं. मी डालं उचललं. थोडा वेळ तो खोडक्यावरच बसून राहिला. मग उडाला, लाइनीवरून, शाळेच्या दिशेनं, सरळ शिरीषाकडं. त्याच दुपारच्या गाडीनं आबांनी मला धुळ्याला आणलं.

आता माझा गुन्हा ऐक. ते आठही दिवस तू आमच्या दारासमोर, लाइनीपलीकडच्या रस्त्यानं शाळेत जायचास. मान खाली, चेहरा उतरलेला. मी दाराआड उभा राहून बघायचो. ‘कांती, इकडं ये, हा बघ जिवंत आहे,’ एवढी एक हाक मारायची होती. आई म्हणायची, बोलाव त्याला, पोराचा जीव तुटतोय. मी नाही बोलावलं. म्हटलं, भोगू दे. माझा हात सुजलाय, त्याचं काहीतरी सुजू दे. पुढं भुसावळला तू भेटलास तेव्हा सांगता आलं असतं. दर वर्षी कार्ड आलं की सांगता आलं असतं. मी दर वेळी दोन ओळी लिहून गप्प बसलो, आणि वर तुलाच विचारतो, कशाची क्षमा मागतोस. तुझ्याजवळ निदान भीती होती. माझ्याजवळ नुसता राग होता, आणि तो मी फार जपून ठेवला. त्या निर्जळ उपासांचं तर मला माहीतच नव्हतं.

तू छड्या बसू दिल्यास, मी तुला मेलेलं पाखरू वाहू दिलं. कुणाचं जास्त, ते आता आपण बघायला नको.

तुमच्यात जे म्हणतात ते मीही आज म्हणतो. छापील नाही, अक्षर माझंच आहे, बघून घे. खमत खामणा, कांती.

तुझा,
देवचंद


पिंप्राळा, जळगाव,
५ ऑक्टोबर १९८७

प्रिय देवचंद,

सप्रेम जयभीम.

खोटं कशाला लिहू, दोन दिवस तुझ्यावर भयंकर चिडलो होतो. मिलमधे उगाच सगळ्यांवर खेकसलो. सदतीस उपास, देवचंद! जिवंत पाखरासाठी सदतीस कोरडे उपास करवलेस माझ्याकडून! तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम तो डाल्याखाली बसून मुंगळ्यांची अंडी खातोय असं डोळ्यांपुढं आलं आणि हसू फुटलं. एवढा हसलो की सून धावत आली. मग रडू आलं. आता माझ्या छातीवर काही नाही, इतकी वर्षं तिथं काय ठेवलं होतं ते मला तू काढून घेतल्यावर कळलं. क्षमा केली हे वेगळं लिहू का?

काल फलक उघडला. सभागृह भरलेलं, बोदवडहून पन्नासेक माणसं मी मुद्दाम गाडी करून आणली होती. आपल्या वर्गातला निंबा होता, ताईबाई होती, म्हातारे कोतारे होते. हिलाल सर भाषणात म्हणाले, चित्र अप्रतिम आहे, उजव्या पायाचं एक बोट तेवढं राहून गेलंय, पुढच्या छपाईत दुरुस्त करू. मी उठलो. माझं नाव कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं, तरी माइकपाशी गेलो. म्हटलं, दुरुस्त करू नका. ते बोट राहून गेलेलं नाही, ते मी तोडलंय. पन्नास साली दगड मी मारला, कांतीलालनं, आणि छड्या देवचंदला बसल्या. पाखरू मी पाडलं आणि त्यानं वाचवलं. बोदवडकरांनो, सुपडू आबांच्या मुलाचं नाव इथून पुढं घ्याल तेव्हा हे सांगा. निंबा सगळ्यांत आधी उठून उभा राहिला. हिलाल सरांनी भिंग खिशात घातलं आणि म्हणाले, मग तीनच राहतील.

तू आला नाहीस, चाचणी परीक्षा आहे म्हणालास. मला माहीत आहे, तुला गर्दीपुढं यायचं नव्हतं. पण तुझ्या आई आणि आबा हे ऐकायला हवे होते. त्यांच्यासाठी मला उशीर झाला.

बाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. पाखरू उडालं ती जागा तिनं तीनदा वाचायला लावली. मग तांब्या घेऊन अंगणात गेली. कुंडी भरलेली होती, तरी ओतून दिली आणि ताजं पाणी घातलं. बराच वेळ तिथंच बसली. तुझं मागच्या वर्षीचं पत्र, ओट्याचं आणि ओंजळीचं, तेही मी तिला वाचून दाखवलं. आधी दाखवलं नव्हतं, लाज वाटली होती.

आज सकाळी तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, देवचंदला पत्र लिही, दिवाळीच्या सुट्टीत बोलाव. कळण्याचं पीठ मी दळून ठेवते, द्रौपदाबाईसारखी नाही जमणार, पण भाकरी मीच टाकीन. मी लिहायला बसलो तशी पुन्हा आली, दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, ‘आणखी एक लिही. ओट्यावर थांबू नको म्हणावं. सरळ आत ये. पाणी मी हातात देईन.’

तुझा,
कांती